सुळक्यापलीकडे

स्मारकाच्या उद्घाटनाआधी शिल्पकाराने मला बोलावून घेतलं. खाण कोसळून आमचे हे गेले, त्या दिवशी भूकंपमापकाने काढलेली रेघ त्याने भिंतभर फळीत कोरली होती. जेवढा हादरा, तेवढा उंचवटा. "डोळे मिटून हात फिरवा, ताई." माणूस भला, पण तोंडाचा पट्टा सुरूच. माझं बोट सुळक्यावर चढलं. "इथे छत कोसळलं. सगळे जागच्या जागी गेले, कुणाला कळलंसुद्धा नाही." याच वाक्यावर मी वर्ष काढलं होतं. बोट पलीकडे उतरलं, अडखळलं. दोन बारीक टेंगळं, सपाटी, मग एक. पुन्हा दोन, सपाटी, एक. घराला बेल असून यांनी ती कधी दाबली नाही. दोनदा टकटक, थांबून एकदा. मी कडी काढेपर्यंत तेच. फळी संपली. "पुढचं?" मी विचारलं. "पुढे दोन दिवस हेच होतं हो, म्हणून इथेच कापली."