बारा वाव

तानुबाईने दोरीला बांधलेला वरवंटा पाण्यात सोडला आणि दोरी मोजू लागली. दोन्ही हात ताणून पसरले की एक वाव. अशा दहा मोजून तिने दोरी नावेच्या काठाला गुंडाळली.

"आता हळू चालवा, भावजी. दोरी सरळ खाली ऱ्हायला पायजे."

तिचा दीर पंडित वल्हं बेताने मारू लागला. "वैनी, वरवंटा तीन दिवस झाले पाण्यात हाय. आईला कळलं तर चटणी तुझीच व्हईल."

"आज शिंगटा घावला न्हाई तर तुमची बी व्हईल. गप वल्हवा."

वैशाखात येलदरी धरणाचं पाणी वरून तापतं आणि शिंगट्यासारखा मोठा मासा खाली गारव्याला जातो. म्हणून तानुबाईच्या नवऱ्याची, भुजंगची ही रीत होती. गळाला मासोळी लावायची, गळाचा बारीक नायलॉनचा तंगूस वरवंट्यापाशी कच्च्या सुताने अडकवायचा आणि नाव हळूहळू फिरवत राहायचं. माशाने ओढ दिली की सूत तुटतं, तंगूस मोकळा होतो आणि ओढ थेट हाताला कळते. पण भुजंग हात मोडून परभणीच्या दवाखान्यात पडला होता. जाताना एवढंच सांगून गेला होता, "दहा वाव. शिंगटा तिथंच असतो."

तीन दिवस ओळीने रिकामी आलेली नाव मच्छीमार सोसायटी दुसऱ्याला देत असे. आज तिसरा दिवस होता. काठावर लिंबाच्या सावलीत चेअरमन माणिकराव बसले होते. ज्याचा नंबर पुढे होता, तो जाळं खांद्यावर टाकून त्यांच्या शेजारी उभाच होता.

दुसरा फेरा झाला. तानुबाईने वरवंटा वर घेतला. सूत तसंच होतं, मासोळीही तशीच.

"दादाला एकडाव इचारायला पायजे होतं," पंडित म्हणाला.

"कशानं जाता? नामांतराच्या बंदात एसटी परवाधरनं डेपोतच उभी हाय."

तिने वरवंटा पुन्हा सोडला आणि पुन्हा मोजायला लागली. उन्हासाठी लुगड्यावरून भुजंगचा लांब बाह्यांचा सदरा घातला होता. चौथ्या वावेला उजव्या बाहीची घडी सुटली आणि बाही घसरून थेट बोटांच्या टोकापर्यंत आली. तानुबाई हात पसरून तशीच थांबली.

"काय झालं? सूर्याला मिठी मारायलीस का?"

ती बाहीकडे बघत होती. भुजंगला हा सदरा मनगटाला बसायचा. बाही संपते तिथून पुढे त्याचा अख्खा पंजा. एक पंजा या बाजूला, एक त्या बाजूला. वावेमागे दोन पंजे, दहा वावांचे वीस. तिने डाव्या हाताचा पंजा उजव्या हातावर ठेवत ठेवत खांद्यापर्यंत नेला, मग मान हलवली. तिच्या एका वावेत असे नऊएक पंजे. वीस पंजे म्हणजे तिच्या दोन वाव, वर थोडं.

"भावजी, आपण तीन दिवस माशाच्या डोक्यावरून फिरायलोत."

"दादानं दहाच सांगितल्या व्हत्या."

"त्येंनी त्येंच्या हातानं सांगितल्या. माझ्या हातानं बारा व्हत्यात."

पंडितने वल्हं थांबवून तिच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. मग त्याने वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. तानुबाईने राहिलेली दोरी मोजली आणि बाराला थांबली. मग तंगूस बोटात धरून बसली. अर्धा फेरा झाला असेल नसेल, बोटाला एक बारीक झटका बसला. सूत तुटलं होतं. पाठोपाठ असा हिसका आला की ती गुडघ्यांवर आली.

"धर वैनी, सोडू नगंस!"

"सोडते कशाला? नाव फिरवा!"

लांब मिशांचा शिंगटा नावेत येऊन आपटला, तेव्हा पंडितने पाय वर घेतले. दुपारपर्यंत त्याच खोलीवर आणखी दोन घावले.

काठावर तिने पाटी उतरवली. माणिकरावांनी उठून आत पाहिलं, मग जाळंवाल्याकडे पाहून नुसता हात हलवला. तो जाळं खांद्यावरून काढून खाली बसला. एवढ्यात बाकीच्या नावांचे लोकही जवळ सरकले होते.

"नाव तुमच्याकडंच," माणिकराव म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, "किती वावांवर घावला गं, तानुबाई?"

तानुबाईने सदऱ्याच्या दोन्ही बाह्या सावकाश वर दुमडल्या.

"हात पसरा, मामा," ती म्हणाली. "आधी तुमची वाव बघू द्या."

आणि सगळ्यांच्या देखत, भर उन्हात, चेअरमन दोन्ही हात पसरून उभे राहिले.