लाल न होता

"तोंड लाल झालं का?" टिकेशनं गोठ्यातून विचारलं.

"कानापर्यंत," रुचि म्हणाली. "पुन्हा बोला."

टिकेशनं म्हशीसमोर तेच वाक्य पुन्हा म्हटलं. म्हैस रवंथ करत राहिली. तिला पटाच्या निकालाशी काय देणंघेणं!

देवरीकडच्या त्यांच्या गावात धान निघालं की शंकरपट भरतो. बैलजोड्या पळतात आणि शेवटच्या रेषेवर झेंडी घेऊन टिकेश उभा राहतो. नजर घारीची, पण माइक हातात आला की चेहरा लालबुंद. मागच्या वर्षी त्यानं खरा निकाल सांगितला, तर लोक ओरडले, "लाल झाला, लबाड बोलून राहिला!" शर्यत पुन्हा पळवली. तीच जोडी जिंकली, तरी टिकेशची गेलेली पत परत आली नाही. यंदा लाल झाला तर झेंडी दुसऱ्याच्या हाती, असं पंचांनी बजावलं होतं.

त्यात चिठ्ठ्या टाकल्या, तर श्यामलालच्या जोडीसमोर उदेलालची जोडी आली. उदेलाल म्हणजे रुचिचे वडील. आता जावयाच्या तोंडाकडे सगळं गाव बघणार.

श्यामलालची जोडी कधी हरलीच नव्हती. उदेलालनं जन्मात पट जिंकला नव्हता. त्याचा पाखऱ्या म्हातारा झालेला, ही त्याची शेवटची दौड. तरी उदेलाल हौसेनं त्याची शिंगं रंगवत बसला होता.

"बाबा, कायले एवढी हौस करून राहिले?" रुचि हसली होती.

नवऱ्याला मात्र तिनं धीर दिला. "घाबरलं की रक्त तोंडावर चढते. कोण जिंकणार ते तं ठाऊकच आहे, तेच एक वाक्य घोका. झोपेतही आलं पाहिजे."

टिकेशनं घोकलं. म्हशीसमोर, आरशासमोर, सायकलवर. शेवटी तोंड लाल होईनासं झालं. रुचि टाळ्या पिटत अंगणभर नाचली.

पटाच्या दिवशी माणसं झाडांवरही चढली होती. रुचि पाण्याची कळशी घेऊन टिकेशच्या मागेच, रेषेवर उभी होती. जोड्या सुटल्या. "हाण! हाण!" चाकं खडखडली, धूळ उसळली, शिंगाला शिंग लागलं. "पाखऱ्या! पाखऱ्या!" रुचिचा घसा बसला. मोबाइल उंच धरणाऱ्यांना नुसती धूळ मिळाली.

झेंडी पडली. टिकेशच्या हातात माइक आला. सगळं मैदान गप्प होऊन त्याच्या गालांकडे बघू लागलं.

"श्यामलालभाऊची जोडी पहिली!"

आवाज खणखणीत. गाल लाल नाहीत, कान लाल नाहीत. मैदान दणाणलं. "सासऱ्याचीही भीड ठेवली नाही! याले म्हणते पंच!" लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. पंचांनी झेंडी कायमची त्याच्याच नावावर केली.

उदेलाल गर्दीतून वाट काढत आला. त्याचे डोळे भरले होते. "शाब्बास, जवाई! हरलो तं हरलो. पण आज तुमी लाल नाही झाले."

मग तो पाखऱ्याला घेऊन घराकडे निघाला.

रुचि तेवढी हसत नव्हती. गर्दी पांगल्यावर ती जवळ आली. "मी माह्या डोळ्यानं पाहिलं. पाखऱ्या मुंडीभर पुढं होता. काऊन असं बोलले?"

टिकेश कानापर्यंत लाल झाला.

"तू जे घोकवलं," तो म्हणाला, "तेच तोंडातून निघालं."