साठ ग्रॅमचा माउस

घिवलीच्या मिथुनने गेमिंगचा नवा वायरलेस माउस दोन दिवस खेळून पारखला. माउस झकास होता, खोक्यावर वजनही साठ ग्रॅम छापलेलं. खात्री करायला त्याने आईचा मासळीचा वजनकाटा ओढला, तर आकडा आला पंच्याहत्तर! मिथुनचं डोकंच फिरलं. काट्यासकट व्हिडिओ काढून त्याने कंपनीची पार लाज काढली आणि बोईसरच्या सगळ्या ग्रुपांवर टाकला.

आई बंदरावरून मासळीची टोपली घेऊन आली. बोईसरच्या बाजारात बसायला निघायचं होतं, पण व्हिडिओ बघून ती उंबऱ्यातच मटकन बसली.

"मेल्या, पुसून टाक तो आधी! माउस साठचाच हाय."

"तुला काय ठाऊक?"



"काटा माझा हाय ना!"