थांबण्याचा इशारा

पडद्यावरचं चित्र पुन्हा आपणहून पुढे सरकलं.

मॅडमनी हात मागे घेतला आणि परत पडद्यासमोर धरला. उघडा तळवा म्हणजे 'थांब'. यंत्राला शिकवलेला सगळ्यात सोपा इशारा. चित्र जागच्या जागी थांबायला हवं होतं. ते डळमळलं, मागे गेलं, पुन्हा पुढे गेलं.

टेबलावर एक गवंडी भुलीखाली झोपला होता. त्याच्या मेंदूत, डोळ्यांच्या शिरेला चिकटून, गाठ होती. सहायक डॉक्टरांनी कवटी उघडून दिली होती. आता गाठ सोडवायची, आणि हे काम या रुग्णालयात वर्षानुवर्षं मॅडमच करत आल्या होत्या. शीर दुखावली तर गवंड्याची नजर जाणार. म्हणून आधी गाठीचं चित्र नीट पाहून घ्यायचं, मगच चाकूला हात लावायचा.

"सुनेचं कौतुक घरी करावं माणसानं," भूल देणारे डॉक्टर मास्कआडून म्हणाले. "इथं कशाला?"

सगळे कोपऱ्यात लॅपटॉपशी उभ्या असलेल्या मॅडमच्या सुनेकडे बघू लागले.

यंत्र तिचं होतं. पडद्याखाली बसवलेली, साबणाच्या वडीएवढी डबी. तिच्यातून कानाला ऐकू न येणारा आवाज निघायचा, समोरच्या हातावर आपटून परत यायचा, आणि त्यावरून हात कुठं आहे, कसा हलतोय ते यंत्राला कळायचं. निर्जंतुक हातमोज्यांनी कशाला शिवायलाच नको. घरातल्या मागच्या खोलीत ती कित्येक वर्षं याच्याच मागे होती. सासूबाईंनी त्या खोलीत कधी डोकावलंही नव्हतं. आणि एक दिवस जेवताजेवता त्याच म्हणाल्या, "तुझं ते यंत्र आमच्या थिएटरमध्ये लावून बघू या." त्या दिवशी तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आज सकाळी घरून निघताना नवऱ्यानं बजावलं होतं, "आईला तोंडघशी पाडू नकोस म्हणजे मिळवलं."

"डॉक्टर, तुम्ही जरा पडद्यासमोर हात धरता?" तिनं सहायक डॉक्टरांना विचारलं.

त्यांनी तळवा धरला. चित्र खिळल्यासारखं थांबलं. तिच्या लॅपटॉपवरची, हाताची हालचाल दाखवणारी रेघ सरळ झाली.

"आता मॅडम, तुम्ही."

रेघेला दात फुटले. कंगव्यासारखे, एकसारखे, एकामागून एक. यंत्र बिघडलं तर रेघ वेडीवाकडी धावते, हे तिला पाठ होतं. अशी शिस्तीत हलत नाही. शिस्तीत हलत होता तो हात.

उपाय तिच्या बोटाखालीच होता. यंत्राची संवेदना दोन घरं खाली आणली की बारीक हालचाल त्याला जाणवलीच नसती. चित्र गुमान थांबलं असतं. यंत्राची लाज राहिली असती, सासूबाईंची राहिली असती, घरात सगळं सुरळीत चाललं असतं. भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. सिस्टर चाकूचा ट्रे घेऊन पुढे आल्या होत्या.

"होतंय का दुरुस्त?" मॅडमनी मान न वळवता विचारलं.

तिचं बोट बटणावर टेकलं. टेबलावरच्या हिरव्या कापडाखालून गवंड्याचा पाय बाहेर आला होता. टाचेच्या भेगांत सिमेंट अडकलं होतं, घासून घासूनही न गेलेलं. तिनं बोट उचललं.

"आई," ती म्हणाली. थिएटरमध्ये तिनं ही हाक कधी मारली नव्हती. "यंत्रात बिघाड नाहीये. तुमचा हात थरथरतोय."

सिस्टरांच्या हातातला ट्रे किणकिणला. सहायक डॉक्टरांनी मान खाली घातली.

मॅडमनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग दोन पावलं मागे सरून टेबलाजवळची जागा मोकळी केली.

"तुम्ही या इथं," त्या सहायक डॉक्टरांना म्हणाल्या. "चाकू तुम्ही धरा. मी शेजारी उभी आहे."

बराच वेळ गेला. त्या नुसत्या बोलत होत्या, "हळू," "डावीकडून," "आता सोडवा." गाठ अख्खी निघाली. शीर शाबूत राहिली. संध्याकाळी शुद्धीवर आलेल्या गवंड्यानं भावाला ओळखलं आणि दाढी का केली नाहीस म्हणून झापलं.

हात धुवायच्या खोलीत दोघीच होत्या. सुनेला रडू आवरेना.

"सगळ्यांसमोर बोलले, आई. चुकलं माझं."

"चुकलं कसलं?" मॅडमनी नळ बंद केला. "घरी हात अगदी ठीक असतो. टेबलाशी उभी राहिले की शंका यायची. सिस्टरांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, माझ्या पोटच्या पोरालाही विचारलं. सगळ्यांचं एकच, 'छे, तुम्हाला भास होतो.' कुणी भीतीपोटी, कुणी मायेपोटी. म्हणून तुझं यंत्र आत आणलं. खात्री होईपर्यंत चाकू धरायचा नाही, असं ठरवूनच आले होते. आजची सगळी तयारी सहायक डॉक्टरांकडून म्हणून तर करून घेतली होती."

सुनेनं डोळे पुसले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"यंत्र खरं बोलणार, हे माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "तू बोलशील की नाही, तेवढंच माहीत नव्हतं."