खांबावरचं घड्याळ

बराच वेळ झाला तरी रविना अजून तीन नंबरच्या मशीनबद्दलच बोलत होती. आता तर तिने झाकणांच्या रंगाचाही विषय काढला.

वृंदा मॅडमनी तिरक्या नजरेने बाजूला पाहिलं. मुंबईहून आलेले मोठे साहेब शेजारीच हाताची घडी घालून उभे होते. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या अंबरनाथच्या या कारखान्यात सकाळची मीटिंग पाच मिनिटांत संपते, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. तेच बघायला ते आले होते. पटलं तर बदलापूरचा नवा कारखानाही वृंदाच्या हाताखाली येणार होता.

पद्धत वृंदाची होती. सगळ्यांनी उभं राहायचं. काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे, एवढंच बोलायचं. तिने स्वतः घड्याळ आणून आपल्या पाठीमागच्या खांबावर लावलं होतं. बोलताना सगळे त्या खांबाकडे बघत आणि भराभर आटपत. वृंदाला स्वतःचं फार कौतुक वाटायचं, आणि का वाटू नये?

आज तिने एकच बदल केला होता. वांगणीहून येणारे जुने फिटर हरिचंद्रकाका रोज त्या खांबाला टेकून उभे राहत. सकाळी जिना चढताना ते लंगडताना दिसले. साहेबांसमोर बरं दिसावं म्हणून, आणि थोडी कणवही आली म्हणून, तिने ऑफिसातली खुर्ची आणवून त्यांना खांबापाशी बसवलं. काका नको नको म्हणत शेवटी खुर्चीत बसले.

रविनाचं एकदाचं झालं. पॅकिंगच्या धाकलूने सुरुवात केली. पंख्यापासून कॅन्टीनच्या पोह्यांपर्यंत तो सावकाश गेला. पोह्यांवर सगळ्यांनी आपापलं मत दिलं. काकांनीही दिलं.

साहेबांनी मनगटावर पाहिलं. "चालू द्या तुमचं," ते म्हणाले आणि निघाले. दारात थबकले. "आणि मॅडम, ते घड्याळ बंद आहे."

वृंदाने वळून पाहिलं. खरंच बंद होतं. बदलापूर गेलं, हे तिला कळलं. रडूच यायचं, पण तिने रागावर भागवलं.

"कधीपासून बंद आहे हे?"

"दिवाळीच्या आधीपासून," धाकलू म्हणाला.

"मग रोज तिकडे बघत काय होतात?"

काका खुर्चीतून उठायला लागले. रविनाने खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं.

"काकांचा गुडघा, मॅडम. ते या पायावरून त्या पायावर झाले, की आटपायचं, असं आमचं ठरलंय. आज ते बसलेत ना, मग घाई कसली?"