लोण्याचा गोळा

आबारावनं भर खळ्यात तुळजाबाईचा नवरा कुऱ्हाडीनं तोडला. निजामाचा अमल होता. पोलिसांचा अमीन आला, आबारावच्याच ओसरीवर जेवला आणि निघून गेला. त्या दिवसापासून तुळजाबाईनं घरातलं सगळं दूध-लोणी तान्ह्या रामकिसनला चारलं. थोरल्या लेकीच्या, सगुणाच्या वाट्याला ताक.

पोरगा पाचव्या वर्षीच रांजणासारखा झाला, विशीत दारात मावेना. तोंड कायम लालबुंद.

"माय, डोकं ठणकून राह्यलंय."

"बापाचं रक्त उसळून राह्यलंय ते," म्हणत ती भाकरीवर लोण्याचा आणखी एक गोळा ठेवायची.

बदनापूरच्या बाजाराच्या वाटेवर आबाराव एकटा सापडला. रामकिसननं कुऱ्हाड उगारली आणि त्याच्याच डोक्यातली नस फुटली. नाकातून रक्त आलं, तोंड वाकडं झालं, तो जागीच गेला. आबाराव हसायला लागला. काडीसारखी म्हणून नवऱ्यानं टाकलेली सगुणा भावाच्या मागोमाग आली होती. तिनं पडलेली कुऱ्हाड उचलली आणि ते हसू मानेपासून तोडलं.

संध्याकाळी, अमीन यायच्या आधी, तुळजाबाईनं जन्मात पहिल्यांदा लेकीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.



सगुणानं तो बाजूला सारला. "न्हाई माय, ताकच दे."