बाबांचा अंगठा

हंगाम आला की नदीतल्या नर माशाच्या कपाळावर पांढरे दाणे उठतात आणि त्याचे पंख खरखरीत होतात. मादी निसटू नये म्हणून देवानेच केलेली ही सोय. मत्स्यबीज केंद्रात बाबा डोळे मिटून पंखावर नुसता अंगठा फिरवत आणि नर ओळखत. तीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

मला मागणी घालायला तो घरी आला, तेव्हा बाबांनी त्याचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे आपोआप मिटले. अंगठा फिरता फिरता थांबला.

"बाबा, जावई बघताय की मासा?" मी हसले.

"पोरी, नको," बाबा एवढंच म्हणाले.

त्याने हसत कपाळावरचे केस मागे सारले. तिथे पांढऱ्या दाण्यांची ओळ होती.

माझा हात केव्हाचा त्याच्या दुसऱ्या हातात होता. मी तो हळूच ओढून पाहिला.